मोसंबीचं खोड जळणाच्या भावात; लाकडाची किंमत कटर चालतानाच ठरते!
घनसावंगी तालुक्यात बागा निघतात, झाडं पडतात, पण आखूड लाकडाला मोल मिळत नाही. तोडणीआधी काय ठरवायचं, याचं विश्लेषण

घनसावंगी : मोसंबीची बाग काढायची ठरली की पहिला फोन जातो जेसीबीवाल्याला, दुसरा कटरवाल्याला. दोन-तीन दिवसांत रान मोकळं होतं. फांद्या बांधावर, खोडं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत आणि ट्रॉली वीटभट्टी, हॉटेल नाहीतर लाकडाच्या वखारीवर. पंधरा-वीस वर्षं पोटच्या लेकरासारखी जपलेली बाग शेवटी क्विंटलवर मोजली जाते. बऱ्याच ठिकाणी तर तेवढंही होत नाही. ‘लाकूड तुमचं, रान साफ करून द्या’ असा उक्ता व्यवहार होतो आणि शेतकऱ्याच्या हातात रुपयाही पडत नाही.

यात नवं काही नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा पाण्यावाचून वाळल्या, टँकरने पाणी घालूनही वाचल्या नाहीत आणि शेतकऱ्यांनी डोळ्यांत पाणी आणून त्या तोडल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये उलटं झालं. मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, गोदाकाठ पाण्याखाली गेला, बागांत पाणी साचून राहिलं. साचलेल्या पाण्याने मुळं कुजतात, डिंक्या बळावतो आणि झाड लगेच नाही तरी पुढच्या हंगामात बसतं. दुष्काळ असो की पूर, शेवटी कटर खोडावरच चालतो. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, ते फळाला. झाडाच्या लाकडाचा विचार कोणी केलेला नाही.

प्रश्न असा आहे की हे लाकूड खरंच जळणाच्याच लायकीचं आहे का? उत्तर आहे, नाही. पण ते कोणत्या कामाचं आहे, हे कटर सुरू होण्याआधी ठरवावं लागतं. एकदा दीड-दोन फुटांचे सरसकट तुकडे पडले आणि उन्हात ढीग लागला की त्या लाकडाला जळण म्हणूनच जावं लागतं.

आरा गिरणीला लांब, लेथला आखूड

लाकूड विकायचं म्हटलं की डोळ्यांसमोर आरा गिरणी येते. गिरणीला लांब, सरळ आणि जाड ओंडका लागतो, कारण त्यातून फळ्या, चौकटी आणि पट्ट्या निघतात. मोसंबीचं खोड जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर फुटतं. पुढे नुसत्या वाकड्या फांद्या. गिरणीवाला ते बघूनच मान हलवतो. बांधावरच्या वेड्यावाकड्या बाभळीचं, बोरीचं तसंच. म्हणून ‘आखूड म्हणजे जळण’ हे समीकरण गावोगाव पक्कं बसलं आहे.

कातकामाला मात्र आखूडच लाकूड लागतं. लेथवर लाकूड गोल फिरवून, पटाशी लावून जी वस्तू निघते ती कातीव वस्तू. लाटणं, रवी, बत्ता, खुरप्याची मूठ, पलंगाचे खूर, देव्हाऱ्याचे खांब, भोवरा, पाळण्याच्या दांड्या ही सगळी एक-दीड फुटाच्या आतली कामं. यासाठी कापून ठेवलेल्या ठोकळ्याला कारागीर गुटका म्हणतात. मोसंबीसारखं लिंबूवर्गीय झाडाचं लाकूड फिकट पिवळसर, बारीक पोताचं, घट्ट आणि जड असतं. लेथवर ते गुळगुळीत उतरतं. बाभळीचं आतलं पक्कं लाल लाकूड मार खाणाऱ्या कामाला शतकानुशतकं वापरलं गेलं. बैलगाडीच्या चाकाचा तुंबा बाभळीचा असायचा. त्यात आरे ठोकून बसवले तरी तो फुटत नसे. चिंचेच्या खोडाचा गोल ठोकळा आजही खाटकाच्या दुकानात दिसतो.

साग किंवा शिसवी असेल तरच लाकडाचा धंदा होतो, हाही गैरसमज. सावंतवाडीची लाकडी फळं आणि खेळणी देशभर गेली, ती पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडावर. कर्नाटकातल्या चन्नपट्टणचा खेळण्यांचा व्यवसाय काळ्या कुड्याच्या लाकडावर उभा राहिला. दोन्ही ठिकाणी आसपास जे झाड होतं तेच वापरलं गेलं. त्याला लेथ, लाख आणि रंगाची जोड मिळाली एवढंच.

एका एकराचा हिशेब

सहा बाय सहा मीटरवर लावलेल्या मोसंबीच्या बागेत एकरी साधारण ११० झाडं बसतात. उदाहरण म्हणून धरू, की प्रत्येक झाडाच्या खोडातून १५ सेंटिमीटर जाडीचा आणि ४० सेंटिमीटर लांबीचा एकच चांगला तुकडा निघाला. ओल्या लाकडाचं वजन घनमीटरला एक टन धरलं, तर हा तुकडा सात किलोच्या आसपास भरतो. ११० झाडांचे मिळून पावणेआठ क्विंटल.

हा तुकडा मधोमध उभा चिरून त्याचे चार भाग केले, तर लाटण्याच्या मापाचे चार गुटके मिळतात. एकरात ४४०. यातले निम्मे गाठीत, तड्यात, डिंक्याने खाल्लेल्या भागात गेले असं धरलं तरी २२० उरतात. म्हणजे एका क्विंटल खोडातून २८ चांगले गुटके. वाया गेलेला भाग आणि फांद्या जळणाला जातातच, ते पैसे बुडत नाहीत.

आता आपल्या भागातला जळणाचा क्विंटलचा भाव घ्या आणि त्याला ५६ ने भागा. जो आकडा येईल तो एका गुटक्याचा जळणाचा भाव. त्यात चिरण्याची मजुरी आणि सांभाळण्याचा खर्च मिळवा. सुतार किंवा लेथवाला यापेक्षा जास्त देत असेल तर गुटके काढण्यात अर्थ आहे, देत नसेल तर नाही. हिशेब इतका सरळ आहे.

यातून कोणी लखपती होणार नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं. बाजारात प्लास्टिकच्या मुठी, स्टीलचे बत्ते आणि यंत्रावर ढीगभर निघणारी स्वस्त लाटणी आहेत. गिऱ्हाईक ठरलं नसताना सगळी बाग चिरून ठेवली तर गुटके घरात पडून किडतील. म्हणून पहिली पायरी दहा-वीस नमुन्यांची. ते घेऊन कुंभार पिंपळगाव, तीर्थपुरी, अंबड, जालना इथल्या सुतारांना आणि फर्निचरवाल्यांना दाखवायचे, माप विचारायचं, भाव विचारायचा आणि मगच बाकीच्या खोडांचं ठरवायचं.

लाकूड तडकतं का?

‘आमच्याकडचं लाकूड तडकतं’ ही तक्रार नेहमी ऐकू येते. त्याचं कारण लाकडात कमी आणि कापण्याच्या पद्धतीत जास्त आहे.

ओलं लाकूड वाळताना आकसतं, पण सगळ्या बाजूंनी सारखं नाही. लांबीत ते जवळपास आकसतच नाही. गाभ्याकडून सालीकडे थोडं आकसतं आणि वर्तुळाच्या दिशेने त्याच्या साधारण दुप्पट. त्यामुळे गाभा मध्ये ठेवून गोल ओंडका तसाच वाळवला की तो कुठेतरी फाटणारच. गाडीच्या चाकातून एक पाचर निघावी तशी भेग सालीपासून गाभ्यापर्यंत जाते. हाच ओंडका गाभ्यातून उभा चिरून दोन किंवा चार भाग केले, की प्रत्येक भागाला आकसायला जागा मिळते आणि तडे खूप कमी होतात.

दुसरी गोष्ट टोकांची. झाडातून पाणी ज्या नळ्यांमधून वर चढतं, त्या कापलेल्या टोकाला उघड्या पडतात. तिथून ओल सालीच्या बाजूपेक्षा कितीतरी वेगाने उडते. टोक आधी वाळतं, आतला भाग ओला राहतो आणि टोक फाटतं. मराठवाड्याच्या उन्हात हे एका दिवसातही होतं. उपाय साधा आहे. कापल्यावर त्याच दिवशी, शक्यतो तासा-दोन तासांत, दोन्ही टोकांना पातळ केलेलं मेण किंवा जाड ऑइल पेंट लावायचा. नंतर गुटके सावलीत, वारा खेळेल असे, मध्ये पट्ट्या ठेवून रचायचे. उन्हात नाही आणि प्लास्टिकखाली झाकूनही नाही, त्यात बुरशी धरते. ढोबळ हिशेब असा, की इंचभर जाडीला वर्षभर वाळवण लागते. घाई असेल तर ओलंच लाकूड लेथवर जाडसर कातून ठेवतात आणि वाळल्यावर शेवटचा हात मारतात.

जुने सुतार हे जाणून होते. बाभूळ तोडली की ती काही महिने डोहात किंवा चिखलात बुडवून मुरवायची रीत होती. त्याने लाकडातलं पिठूळ द्रव्य निघून जातं आणि भुंगा कमी लागतो. लाकडी चाकं गेली, रबरी टायरच्या गाड्या आल्या, तसं सुताराचं झाड निवडणंही थांबलं. झाड कसं कापायचं हे सांगणारा माणूस बांधावरून गेला आणि त्याच्या जागी वजनाने पैसे घेणारा कटर आला. लाकडाचं मोल घसरलं ते इथे.

कटरवाल्याला आधी सांगा

कटरवाल्याचा यात दोष नाही. त्याला क्विंटलवर किंवा रोजावर पैसे मिळतात. जितकं भराभर कापेल तितका त्याचा फायदा. गुटके हवे असतील तर शेतकऱ्याने तोडणीआधी त्याच्याशी वेगळं बोलायला हवं, मजुरीही वेगळी ठरवायला हवी. काम करताना पुढचा क्रम उपयोगी पडतो.

१. खोड मुळासकट उपटण्याआधी बुंधा स्वच्छ करा. माती लागलेल्या लाकडावर साखळीचे दात मिनिटात बोथट होतात. बांधावरच्या झाडात जुनी तार, खिळा, कुंपणाची आकडी असू शकते, ती आधी शोधा.

२. खोड जमिनीवर ठेवून चिरू नका. दोन जागी फुलीसारखी लाकडं ठोकून घोडी करा आणि खोड तिच्यात घट्ट बसवा.

३. आधी उभी चीर, मग आडवे तुकडे. खोड लांब असताना ते घोडीत नीट धरून राहतं. उलटं केलं तर वीतभर तुकडा पायाने दाबून चिरायची वेळ येते, आणि ते अपघाताला आमंत्रण आहे. लहान तुकडा झालाच असेल तर त्यावर कटर नको, कुऱ्हाड आणि पाचर वापरा.

४. उभी चीर खोड आडवं ठेवून, धाग्याच्या दिशेने घ्या. तेव्हा भुश्श्याऐवजी शेवयांसारखे लांब धागे निघतात आणि ते साखळीच्या झाकणात अडकतात. दर थोड्या वेळाने मशीन पूर्ण बंद करून ते काढा. सुरू मशीनमध्ये हात घालू नका.

५. गुटका कारागिराच्या मापापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर लांब ठेवा. टोकाला थोडा तडा गेला तरी तेवढं छाटून काम भागतं.

मशीनचा धोका कमी लेखू नका

ऑनलाइन मागवलेली किंवा तालुक्याच्या दुकानातून आणलेली चेनसॉ आता बऱ्याच गावांत आहे. ती चालवायचं शिक्षण मात्र कोणी दिलेलं नाही. मोबाइलवर दोन व्हिडिओ बघून मशीन हातात घेतलं जातं, पायात चप्पल आणि कमरेला लुंगी असते.

सर्वांत मोठा धोका उसळीचा. पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला किंवा शेजारच्या फांदीला टेकला, की मशीन क्षणात चालवणाऱ्याच्या तोंडाकडे आणि खांद्याकडे उसळतं. माणसाला मागे सरकायलाही वेळ मिळत नाही. म्हणून पात्याच्या टोकाने कापायचं नाही, दोन्ही हातांनी घट्ट धरायचं, डाव्या हाताचा अंगठा मुठीखालून वळवायचा आणि खांद्याच्या वर मशीन न्यायचं नाही. साखळीचा ब्रेक चालतो की नाही हे रोज सुरू करण्याआधी बघायचं. ब्रेक बिघडलेली मशीन त्या दिवशी घरी ठेवायची.

हेल्मेट, डोळ्यांना जाळी किंवा चष्मा, कानाला बंद, जाड पँट, बूट आणि हातमोजे हा खर्च मजुरीत धरला पाहिजे. या मशीनचा आवाज शंभर डेसिबलच्या वर जातो. दिवसभर उघड्या कानाने काम करणाऱ्याची ऐकण्याची ताकद हळूहळू जाते. एकट्याने कधीच काम करू नये. शेतातून दवाखाना दूर असतो आणि मांडीला लागलेली साखळी वाट बघत नाही.

कायदा काय सांगतो?

ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने विनापरवाना वृक्षतोडीचा दंड एक हजारावरून ५० हजार रुपयांवर नेण्याचा निर्णय घेतला, तेव्हा बांधावरच्या झाडांची चर्चा गावोगाव झाली. दंडाचा आकडा काहीही असो, परवानगीचा नियम मात्र १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायद्यापासून आहे. साग, आंबा, चिंच, जांभूळ, मोह, फणस, हिरडा, खैर, चंदन, बिजा, अंजन यांसारखी अनुसूचित झाडं स्वतःच्या मालकीच्या शेतात असली तरी वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तोडता येत नाहीत.

याच कायद्यात शेतकऱ्याच्या बाजूचीही गोष्ट आहे. झाड वाळलेलं, रोगट किंवा वाऱ्याने पडलेलं असेल, जीविताला धोका असेल, तर परवानगी नाकारू नये, असं तो सांगतो. म्हणून वादळात पडलेल्या चिंचेचा किंवा आंब्याचा फोटो काढा, सातबारा जोडा, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मोसंबी या यादीत नाही. तरी लाकूड ट्रॉलीत भरून तालुक्याबाहेर न्यायचं असेल तर वाहतूक पासबद्दल वन विभागाच्या कार्यालयात आधी विचारलेलं बरं, नाहीतर नाक्यावर दिवस जातो. रस्त्याच्या कडेचं पडलेलं झाड हे सरकारी असतं, ते ‘पडलंय म्हणून’ कोणी नेऊ नये. गायरानातल्या झाडांचंही तेच. आणि आरा यंत्र बसवायचा विचार असेल तर त्याला वेगळा परवाना लागतो.

मग जिवंत झाडांवर कुऱ्हाड वाढेल का?

ही शंका रास्त आहे. जालना हा राज्यात जंगल फार कमी असलेल्या जिल्ह्यांपैकी एक. इथे झाड म्हणजे बांधावरचं, विहिरीवरचं, देवळासमोरचं. लाकडाला भाव आला तर तेही जाईल, अशी भीती वाटणारच.

पण वजनावर विकणारा आणि गुटक्यावर विकणारा यांच्यात फरक आहे. वजनावर पैसे मिळत असतील तर जास्त पैशासाठी जास्त झाडं पाडावी लागतात. गुटक्यावर मिळत असतील तर एकाच खोडातून जास्त काढणं परवडतं. कातकामाची मागणीही मर्यादित असते. सगळ्या तालुक्याचे सुतार मिळून वर्षभरात जितकं लाकूड वापरतील, त्याच्या अनेक पट आजच वीटभट्टीत जळतं. म्हणून नियम एकच ठेवायचा. जे पडलं, वाळलं किंवा काढायचं ठरलंच आहे, त्यातूनच गुटके. त्यासाठी उभं हिरवं झाड पाडायचं नाही.

लेथ कोण चालवणार?

कारागिराची बाजूही महत्त्वाची. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत. त्यात सुतार आहेत आणि बाहुली-खेळणी बनवणारेही आहेत. नोंदणी सीएससी केंद्रावर होते, पहिली पडताळणी ग्रामपंचायत करते. प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५ हजारांपर्यंत मदत आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख, ते फेडल्यावर दोन लाखांपर्यंत कर्ज अशी तरतूद आहे. कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळतो. लहान लेथ घ्यायची असेल तर सुताराला ही वाट तपासून बघता येईल.

खेळणी करून विकायची असतील तर एक खबरदारी हवी. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना गुणवत्ता चिन्ह बंधनकारक आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे. लाटणं, मूठ, बत्ता या वस्तूंना ही अडचण नाही, म्हणून सुरुवात तिथून केलेली सोपी.

गावपातळीवर काय करता येईल?

एकट्या शेतकऱ्याला हे जड जातं. सुताराला वर्षभर थोडंथोडं लाकूड लागतं आणि शेतकऱ्याची बाग एकदाच निघते. ही दरी शेतकरी गट किंवा उत्पादक कंपनी भरून काढू शकते. एक सावलीची शेड, एक पक्की घोडी, मेणाचा डबा, नीट शिकलेला एक कटरवाला आणि कोणाच्या बागेतून किती गुटके आले याची एक वही, एवढ्यावर काम सुरू होतं. बाग काढणाऱ्याने चार दिवस आधी गटाला सांगायचं, गटाने खोडं बघून चांगली बाजूला काढायची, बाकीचं नेहमीप्रमाणे जळणाला.

नवी बाग फळावर यायला चार-पाच वर्षं जातात. तेवढा काळ त्या रानातून मोसंबीचं उत्पन्न नसतं. जुन्या खोडातून आलेले थोडे पैसे निदान नव्या कलमांच्या आणि खड्ड्यांच्या खर्चाला लागतील. यंदा ज्यांच्या बागा निघणार आहेत त्यांनी सगळ्या नाही तर दहा झाडांची खोडं बाजूला ठेवावीत, गाभ्यातून चिरून टोकांना मेण लावावं आणि दोन सुतारांना दाखवून भाव विचारावा. उरलेल्या शंभर झाडांची ट्रॉली कुठे न्यायची, ते त्या भावावर ठरवता येईल.